आपापलं मागवायचं

हॉटेलात शिरल्या की बाई आधी हात धुवायच्या जागेकडे जात. हात धुवायला नव्हे, ती जागा बघायला. साबण आहे की साबणाचा चपटा तुकडा उरलाय, पंचा आजचा आहे की सोमवारचा, हे पाहून झालं की मग हात धूत, स्वतःच्या रुमालाला पुसत आणि येऊन बसत. बसायची जागाही ठरलेली. वसई रोड स्टेशनजवळच्या त्या उडप्याच्या हॉटेलात आत एक फॅमिली रूम होती, हिरवे पडदे लावलेली. बायकामाणसं दिसली की वेटर आपोआप तिकडे हात करायचा. बाई त्या हाताकडे बघतसुद्धा नसत. बाहेरच्या हॉलमध्ये, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला करून, त्या पुरुषांच्या गर्दीत निवांत बसत.

"पडद्याआड आजारी माणसं ठेवतात," त्या म्हणत. "मला काही झालेलं नाही. मला नुसती भूक लागलीय."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अर्थात हॉटेलात नव्हे, शाळेत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माणिकपूरच्या एका शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती, मराठी आणि इतिहास शिकवायला. बाई तिथे वीस-बावीस वर्षं गृहशास्त्र शिकवत होत्या. वसईतल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या कुटुंबाबरोबर वाडीतल्या घरात राहणाऱ्या. ठेंगण्या, सावळ्या, पांढरी किंवा फिकट निळी साडी, आणि पर्समध्ये कायम एक लिंबू. ते त्यांच्या विहिरीजवळच्या झाडाचं असे. हॉटेलात बसल्या की लिंबू काढून वेटरच्या हातात द्यायच्या आणि सांगायच्या, "ह्याच्या दोनच फोडी करा. आठ नको." वेटरला त्या नेहमी अहो-जाहो करत. नवीन असला तर नाव विचारत, गाव विचारत, आणि पुढच्या खेपेला दोन्ही त्यांच्या लक्षात असे.

शनिवारी सकाळची शाळा असायची. साडेअकराला सुटली की बाई फाटकाशी उभ्या राहत आणि मी आले की एक शब्द न बोलता चालू लागत. मला का निवडलं, ते मला कधी कळलं नाही. बहुधा बाकीच्या शिक्षिकांना विचारून झालं असावं आणि कोणी आलं नसावं. माझ्या वडिलांची विरारजवळ बोळिंजला केळीची आणि पानवेलीची वाडी. आमच्या घरात हॉटेल म्हणजे पुरुषांनी बाजाराच्या दिवशी चहा प्यायची जागा. मी आयुष्यात दोनदा हॉटेलात गेले होते, दोन्ही वेळा मामांबरोबर, दोन्ही वेळा पडद्याआड. आणि दोन्ही वेळा मामीनं "मला काही नको, तुमच्यातलाच घास द्या" असं म्हटलेलं मी ऐकलं होतं.

पहिल्या शनिवारी मीही तेच केलं. बाईंनी मसाला डोसा मागवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमच्यातलाच थोडा चाखेन."

"माझ्यातला मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "वाटून खायचं ते घरी. इथे आपापलं मागवायचं. काय हवंय तुला?"

मला काय हवंय, हे मला खरंच माहीत नव्हतं. वेटर उभा होता. मी भिंतीवरचा फलक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पुन्हा वर आले, आणि शेवटी म्हटलं, "चहा." बाईंनी मान डोलावली. माझा चहा आला, त्यांचा डोसा आला. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या कुरकुरीत कडेपर्यंत खाल्ला आणि मला एक तुकडाही दिला नाही. त्यानंतरच्या शनिवारी मी विरारहून निघतानाच ठरवून आले होते. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हटलं, "उपमा. आणि वर शेव घालून." बाई हसल्या नाहीत. वेटरला म्हणाल्या, "ह्यांचं आधी आणा."

शिकवणाऱ्या गृहशास्त्र, आणि स्वैपाकाला हात असा की त्यांचं लोणचं स्टाफरूममध्ये आलं तर बरणी दुसऱ्या तासाला रिकामी. मग बाहेर खायची एवढी हौस कशाला, असं मी एकदा विचारलं. "आपल्या हातचं जेवताना मी जेवत कुठे असते?" त्या म्हणाल्या. "मीठ तपासत असते. दुसऱ्यानं केलेलं असलं तरच चव लागते."

पण दुसऱ्यानं केलेलंही त्या तपासत असतच. हॉटेलातून घरी गेल्यावर लाल शाईनं पोस्टकार्ड लिहीत. "सा. न. वि. वि. आपले येथील इडली ९/१०. सांबार ७/१०, भोपळा शिजलेला नव्हता. हात धुण्याची व्यवस्था २/१०. सुधारणेस वाव आहे." अशी पोस्टकार्डं त्यांनी किती ठिकाणी पाठवली असतील देव जाणे. बहुतेक हॉटेलवाल्यांनी फाडली असणार. आमच्या उडप्यानं मात्र त्याला आलेलं कार्ड गल्ल्यामागे देवाच्या तसबिरीखाली चिकटवलं होतं. एकूण दहापैकी आठ मार्क होते. "बाई, दोन कुठे गेले?" तो दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचा. "चटणीत," बाई सांगायच्या.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस त्या हॉटेलात पाऊल टाकत नसत. दुसरं काही सोडलं तर ते सोडल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. उपवास राखेच्या बुधवारी सुरू होई, त्याच्या आदल्या दिवशी हॉटेलात जाऊन मालकाला रीतसर सांगून येत, "उद्यापासून मी रजेवर." तोही हात जोडून रजा मंजूर करी. ईस्टरनंतरच्या शनिवारी त्यांचं टेबल पुसून तयार असे.

मे महिन्यात त्या एकट्या प्रवासाला निघत. कुठे कोल्हापूर, कुठे बेळगाव, एकदा तर पार हैदराबाद. परत आल्या की आम्ही विचारायचो, काय काय पाहिलं? त्या खाल्लेलं सांगत. विजापूरला गेल्या होत्या तेव्हा कोणीतरी म्हणालं, गोलघुमट पाहिला असेल. "पाहिला ना, बाहेरून," बाई म्हणाल्या. "समोर एक खानावळ होती. दुपारी दोनला बंद व्हायची."

त्याच प्रवासातली सोलापूरची एक गोष्ट त्यांनी मला पुष्कळदा सांगितली. स्टँडामागे एक खानावळ होती, सगळे पुरुष जेवणारे. बाई दारात उभ्या राहिल्या तशी खानावळवाला धावत आला. म्हणाला, "ताई, डबा बांधून देतो, लॉजवर न्या." बाई म्हणाल्या, "लॉजवर बसायला मी सोलापूरला आले नाही," आणि आत जाऊन बसल्या. शेजारचे दोघे ताट घेऊन उठले. बाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागितली, दह्याची वाटी मागितली, जेवायला लागल्या. थोड्या वेळानं आतल्या दारात खानावळवाल्याची बायको येऊन उभी राहिली. हाताला पीठ, डोक्यावर पदर. नुसती बघत होती. बाईंनी विचारलं, "बसता का माझ्यासमोर?" ती म्हणाली, "मी कधी बसले नाही इथं. चौदा वर्षं झाली." बाईंनी समोरचं बाकडं दाखवलं. ती आली, टोकावर टेकली, नवऱ्याकडे पाहिलं, हॉलभर पाहिलं, आणि उठून आत गेली.

"मिनिटभर बसली असेल," बाई सांगायच्या. "पण आपली खानावळ समोरून कशी दिसते, ते तिनं पाहिलं."

ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. मला ती फार आवडायची. मी ती माझ्या मैत्रिणींना सांगितली होती. मी बाईंच्या बाजूची आहे, असं मी तेव्हा स्वतःला समजत होते.

माझं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा नववीच्या मुलींची नाशिकची सहल निघाली. एस. टी.ची गाडी ठरवलेली, बावीस मुली, बाई प्रमुख आणि मी त्यांच्या मदतीला. पंचवटी झाली, पांडवलेणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी गाडी एका मोठ्या हॉटेलासमोर उभी करवली. सहलीच्या पत्रकात नुसतं 'दुपारचे भोजन' लिहिलं होतं. सगळ्यांना वाटलं होतं, कुठल्या तरी धर्मशाळेत पंगत असेल. बाईंनी मुलींना बाहेरच्या हॉलमध्ये सहा टेबलांवर बसवलं आणि उभं राहून सांगितलं, "हे आपलं प्रात्यक्षिक आहे. ज्याला जे हवं ते मागवा. प्रत्येकीनं स्वतः, स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

पहिल्या मुलीनं बऱ्याच वेळानं मिसळ मागितली. दुसरी म्हणाली, "तेच." तिसरी म्हणाली, "तेच." बाईंनी हात वर केला. "तेच असं काही खायला मिळत नाही. मिसळच हवी असेल तर मिसळ म्हण." हॉलमधली माणसं खाणं थांबवून बघत होती. मुलींचे चेहरे लाल झाले होते. मग कोपऱ्यातली एक बारीक मुलगी म्हणाली, "मला बटाटेवडा पाहिजे. पण पाव नको, आणि चटणी जास्त." वेटरनं लिहून घेतलं. त्यानंतर मुलींना कंठ फुटला. कुणाला डोसा, कुणाला साबुदाण्याचा वडा, कुणाला दोन-दोन पदार्थ. मी वर्गात त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

एवढ्यात एका मुलीला गाडी लागल्यामुळे उलटी झाली. बाई तिला घेऊन मागे हात धुवायच्या जागी गेल्या. मी टेबलांमधून फिरत होते. एका मुलीनं माझा पदर ओढला. शांत, हुशार मुलगी, माणिकपुरातल्या एका व्यापाऱ्याची. त्यांच्या घरात कांदासुद्धा चालत नसे. तिनं शेजारच्या टेबलावर एका गृहस्थापुढे ठेवलेल्या ऑम्लेटकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "बाई, मी ते खाऊ?"

त्या वेळी मला काय वाटलं, ते मला नीट आठवतं. मला वाटलं, आपण आता बाईंसारख्या आहोत. इतकं सैल, इतकं मोठं वाटलं मला. मी म्हटलं, "खा की." आणि मग खाली वाकून म्हटलं, "घरी सांगू नकोस म्हणजे झालं."

तिनं ऑम्लेट-पाव मागवला आणि सगळा खाल्ला. बाई परत आल्या तेव्हा ताटल्या उचलून झाल्या होत्या.

चार दिवसांनी शाळेत तक्रार आली. मुलीनं घरी सांगितलं होतं. वडील मुख्याध्यापकांकडे आले आणि म्हणाले, "बाईंनी माझ्या मुलीला अंडं खायला लावलं." शाळेत आम्ही सगळ्याच बाई. मी बाई, चित्रकलेच्या बाई, पीटीच्या बाई. पण कोणत्या बाई, असं मुख्याध्यापकांनी विचारलं नाही आणि वडिलांच्याही ते मनात आलं नाही. सहल बाईंची, हॉटेलात बसण्याची खोड बाईंची, आणि बाई ख्रिस्ती. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

मला ते ऐकल्याबरोबर कळलं, त्या बाई म्हणजे मी. दोन दिवस मी जेवले नाही, पण तोंडही उघडलं नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. घरात माझ्या लग्नाचं जमत आलं होतं, चंदनसारचं स्थळ, मुलगा वालीवला एका कारखान्यात सुपरवायझर. ही कारणं मी त्या वेळी मनात मोजली नव्हती. नंतर मोजली, स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायला बरी पडतील म्हणून.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेचे शिपाई माझ्याकडे आले. मिठागराकडच्या गावातले म्हातारे गृहस्थ. म्हणाले, "मोठ्या सरांनी बोलावलंय, बाई. आधी पानी पिऊन घ्या." मी पाणी प्यायले आणि गेले.

खोलीत मुख्याध्यापक होते, संस्थेचे चिटणीस होते, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. पर्स मांडीवर, पाठ ताठ. चिटणीसांनी मला बसायला सांगितलं. "तुम्ही घाबरू नका," ते म्हणाले. "तुमच्यावर काही नाही. तुमच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी चांगला ओळखतो. साधी माणसं आहेत. काय आहे, ह्यांच्यात हे सगळं चालतं. पण आपल्या मुलींना कशाला त्यात ओढायचं?"

'आपल्या' म्हणताना त्यांनी हात माझ्या बाजूला केला. आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस बोंबील आणि दोन दिवस अंडी शिजत. तरी त्या 'आपल्या'त मी गेले.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "त्या मुलीला परवानगी कोणी दिली?"

मी म्हटलं, "बाईंनी सगळ्याच मुलींना सांगितलं होतं, ज्याला जे हवं ते मागवा."

ह्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते माझ्या तोंडून इतकं सहज बाहेर पडलं. मुख्याध्यापकांनी ते लिहून घेतलं आणि बाईंकडे वळले. "असं म्हणालात तुम्ही?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे. मुलीला फळ्यापाशी उभं केलं, तिला उत्तर येतंय हे माहीत आहे, आणि ती बोलायची वाट बघायची, तसं बघत होत्या. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत राहिले. मग बाई म्हणाल्या, "म्हणाले."

"मग ही जबाबदारी तुमची होते."

"मुली माझ्याबरोबर आल्या होत्या," बाई म्हणाल्या. "जबाबदारी माझीच."

बाईंकडून लेखी माफी घेतली. सहलींचं काम काढून घेतलं. पुढच्या वर्षी पर्यवेक्षिकेची जागा रिकामी झाली, ती सेवाज्येष्ठतेनं त्यांची होती, ती त्यांना मिळाली नाही. कोणी मोठ्यानं काही बोललं नाही. स्टाफरूममध्ये मात्र बाई आल्या की बोलणं थोडं खाली उतरायचं, एवढंच.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाई फाटकाशी उभ्या होत्या. नेहमीसारख्या. मी जवळ गेले आणि म्हटलं, "आज घरी पाहुणे यायचेत."

"बरं," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा उभ्या होत्या. मी दुसरं काहीतरी सांगितलं. तिसऱ्या शनिवारी फाटकाशी कोणी नव्हतं. मी स्टेशनकडे निघाले. हॉटेलाच्या समोर आल्यावर मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. बाईंचं तोंड रस्त्याकडेच होतं, त्यामुळे मी त्यांना दिसले. त्यांनी लगेच खाली ताटलीत पाहिलं. मला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून. त्यापेक्षा त्यांनी हाक मारून चार लोकांत मला खोटारडी म्हटलं असतं, तर मला ते सोसलं असतं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. मला तेही सोसलं नसतं.

माझं लग्न झालं, नोकरी कायम झाली. सहलींचं काम दोन वर्षांनी माझ्याकडे आलं. मी आठ वर्षं सहली नेल्या, आणि त्या आठही वर्षांत एकही मुलगी हॉटेलची पायरी चढली नाही. पत्रकात मी स्वतः ओळ घातली होती, 'प्रत्येक विद्यार्थिनीने घरून डबा आणावा.' बागेत नाहीतर देवळाच्या ओट्यावर बसून मुली डबे उघडत. बाई तेव्हा शाळेतच होत्या. माझं पत्रक सूचनाफलकावर लागलं की चष्मा वर करून ते वाचत, आणि पुढे जात. आम्ही एकमेकींशी बोलत होतो. परीक्षेचं वेळापत्रक, खडूचा डबा, गॅदरिंगचा फराळ. त्यापलीकडे नाही.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्या आजारी पडल्या. मी जायचं टाळत होते. मग एका रविवारी दुपारी गेले. मोसंब्या घेतल्या होत्या. ओटीवर खाट टाकली होती, बाई उशीला टेकून बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. आपल्या वहिनींशी बाई घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या, ते मला अर्धंच कळलं, पण वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. पथ्यामुळे बाईंना आता मीठसुद्धा नव्हतं. त्याबद्दल त्या थोडं बोलल्या, माझ्या मुलांची चौकशी केली. मी मध्येच म्हटलं, "बाई, नाशिकला त्या मुलीला मी हो म्हटलं होतं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

मी मोसंब्यांची पिशवी खाटेखाली ठेवली.

"परत येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती," त्या म्हणाल्या. "तिनंच सांगितलं. त्या बाई हो म्हणाल्या, पण घरी सांगू नकोस म्हणाल्या, आता मी काय करू? मी म्हटलं, सांग. खाल्लंस ना आवडीनं, मग सांगायला काय झालं? तेव्हा तक्रार आली ती माझ्यामुळे, असं समज."

"मग त्या दिवशी खोलीत तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

वहिनी चहा घेऊन आल्या. बाईंनी मला कप घ्यायची खूण केली. वहिनी गेल्यावर म्हणाल्या, "त्या खोलीत थांबले. मग वाटलं, शनिवारी बोलशील. म्हणून फाटकाशी उभी राहिले. मग म्हटलं, नाही बोलणार ही." आणि म्हणाल्या, "आज बोललीस ते बरं केलंस. पण मला सांगून काय? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगायला हवं."

मी मान डोलावली. त्यांनी मला क्षमा केली की नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनीही ते सांगितलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायचं, असं ठरवून मी निघाले. सोमवारी शाळेत गेले आणि सांगितलं नाही. त्या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यात नाही. पावसाळा संपता संपता बाई गेल्या.

शाळेत शोकसभा झाली. मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, बाईंच्या फोटोला हार होता. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले होते, ते मुद्दाम आले होते. चिटणीस आले होते. बाईंच्या वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. एकेक जण बोलला. बाईंची शिस्त, बाईंचं लोणचं, बाईंचा जरा विक्षिप्त स्वभाव. जुने मुख्याध्यापक म्हणाले, "एकदा त्यांच्या हातून एक चूक झाली. माणूस आहे, चूक होते. पण त्यांनी ती मोकळेपणानं कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा."

मी उठले. माझं नाव यादीत नव्हतं. मी माइकपाशी गेले आणि सांगितलं. ती चूक बाईंची नव्हती. मुलीनं मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, घरी सांगू नकोस असंही मीच म्हटलं होतं. चौकशीत मी बाईंचं एक वाक्य पुढे केलं आणि माझं वाक्य गिळलं. बाईंना ते माहीत होतं, तरी त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. माझी नोकरी टिकली आणि त्यांची बढती गेली. एवढं सगळं मी बोलले. शेवटी मला रडू आलं आणि मी जागेवर येऊन बसले.

दोन-तीन तरुण शिक्षिका डोळे पुसत होत्या. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले.

बाहेर आल्यावर जुने मुख्याध्यापक माझ्याजवळ आले. त्यांचेही डोळे भरले होते. "फार मोठं मन आहे तुमचं," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचा दोष आपल्या अंगावर घ्यायचा, आणि तो चार लोकांत. असं प्रेम हल्ली कोण करतं?"

मी म्हटलं, "सर, मी अंगावर घेतला नाही. तो माझाच होता."

"असू दे, असू दे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मागे चिटणीस उभे होते, त्यांनी हात जोडले. वहिनी एकट्याच माझ्याकडे न बघता रिक्षाकडे चालत गेल्या. त्यांना खरं कळलं असावं.

आठवड्यानं सभेचं इतिवृत्त टाइप होऊन आलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'यांनी कै. बाईंविषयीच्या आठवणींना उजाळा देऊन भावपूर्ण शब्दांत श्रद्धांजली वाहिली.' मी ऑफिसात गेले. क्लार्कला म्हटलं, मी जे बोलले ते हे नव्हे, मी जे बोलले ते लिहा.

तो चांगला मुलगा होता. त्यानं कागद हातात घेतला, पुन्हा वाचला आणि अदबीनं म्हणाला, "बाई, शोकसभेच्या इतिवृत्तात तसं लिहीत नाहीत."

माझा चौथा तास होता, घंटा झाली होती. मी "बरं" म्हणाले आणि वर्गावर गेले.